पट्टीचे पोहणारे, मुक्काम पोस्ट आटपाडी

फोनवर मालकांनी एकच गोष्ट दोनदा विचारली. "दोघांनाही पोहता येतं ना?" आमच्या ह्यांनी दोन्ही वेळा एकच उत्तर दिलं. "येतं म्हंजे? लय येतं!"

मी शेजारी बसून शेंगा फोडत होते. हातातली शेंग हातातच राहिली. आटपाडीत आमच्या लहानपणी पाणी बघायला मिळायचं ते टँकरच्या मागच्या नळातून. टँकरमध्ये कोणी पोहत नाही. आता गावाकडं कालव्याचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागांतून शेततळी झालीत, पण शेततळ्याला कुंपण असतं आणि कुंपणाशी कुत्रं असतं. ह्यांनी फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आवं, तुमी कवा पोहलाय?"

"त्यात काय पोहायचं असतंय? पाणी खाली असतंय, आपण वर असतोय."

"आन मी? माझं बी सांगून मोकळे झालात!"

"तू बायको हायस माझी. मला येतं म्हणल्यावर तुला नको यायला?"

कामाची गरज दोघांनाही होती. हे शिंपी. तीस वर्षं अर्ध्या तालुक्याच्या पोरांचे गणवेश ह्यांनी शिवले. मग शाळांत तयार गणवेश यायला लागले आणि ह्यांचं मशीन गप्प झालं. मी कॉलेजच्या मुलांसाठी खानावळ चालवायचे. वसतिगृहातच जेवणाची सोय झाली, तशी माझीही चूल थंडावली. मग दिवसभर आम्ही दोघं समोरासमोर. ह्यांनी माझ्या आमटीत मीठ कमी आहे म्हणायचं, मी ह्यांनी लावलेलं बटण तिरकं आहे म्हणायचं. असं वर्षभर चाललं. शेवटी ह्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं सांगितलं, साताऱ्याच्या वर, बामणोलीच्या अलीकडं, कोयनेच्या पाण्याच्या काठी तंबूंचा एक कॅम्प आहे. दसऱ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत तिथं जोडपं लागतं. बाईनं स्वयंपाक बघायचा, पुरुषानं तंबू बघायचे. राहणं-खाणं तिथंच. तंबू म्हणजे कापड, आणि कापड म्हणजे आमचे हे. सगळं जुळलं होतं. मध्ये फक्त पाणी होतं.

दसरा झाला आणि आम्ही निघालो. ह्यांनी हातमशीन बरोबर घेतलं. विट्याला गाडी बदलली, साताऱ्याला बदलली. दोन्ही गाड्यांत मशीन खिडकीशी आणि मी वाटेत उभी, कारण मशीनला धक्का लागून चालत नाही. कासच्या पठारावरून गाडी गेली तेव्हा सगळे उरलीसुरली फुलं बघायला एका बाजूला वाकले. हे मशीनवर वाकले.

उतरलो आणि पहिल्यांदा ते पाणी दिसलं. मी आजवर एवढं पाणी एका जागी बघितलं नव्हतं. डोंगराच्या घड्याघड्यांत शिरलेलं, निळं-हिरवं, आवाज न करता बसलेलं. मला वाटलं, हे एवढं इथं रिकामं बसलंय आणि आमच्याकडं पोरी घागरी घेऊन मैल मैल चालल्या. राग आला, खोटं कशाला सांगू. आणि त्याच वेळी बघत राहावंसंही वाटलं. हे मात्र पाण्याकडं पाठ करून पहिल्या तंबूजवळ गेले, कापड दोन बोटांत धरलं, शिवण उलटी करून बघितली आणि म्हणाले, "ही टीप कुणी मारली? माणूस मारीत व्हता का म्हस?"

मालक धावत आले. पन्नाशीचे, उंच, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. बोलताना सारखी ती शिट्टी दोन बोटांनी फिरवायचे. स्वभावानं मोकळे. त्यांनी बारा तंबू दाखवले, स्वयंपाकाची पत्र्याची शेड दाखवली, पाण्यावर तरंगणारा प्लॅस्टिकचा धक्का दाखवला. धक्क्यावर एका खांबाला पांढरी-लाल रिंग टांगलेली होती आणि आठ केशरी जॅकेटं.

"ही जॅकेटं पाहुण्यांसाठी," मालक म्हणाले. "तुम्हाला काय गरज? तुम्ही दोघं तर पट्टीचे."

"छ्या," हे म्हणाले. "आमाला कशाला?"

"बरं झालं. उद्या मी साताऱ्याला जातो, शनिवारी पहिले पाहुणे घेऊन येतो. आल्यावर तुम्ही एक उडी मारून दाखवा त्यांच्यासमोर. म्हणजे त्यांना कसा विश्वास वाटतो."

"एक कशाला, दोन मारू," हे म्हणाले. मी ह्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

आम्हाला मिळाला बारा नंबरचा तंबू. कापडाच्या घरात राहायची मला सवय नव्हती. भिंतीला टेकायला गेले तर भिंत मागं सरकली आणि मी उताणी पडले. खुंटी ठोकायला भिंत नाही, म्हणून ह्यांनी आतून एकवीस खिसे शिवले. तेलाच्या बाटलीला खिसा, कंगव्याला खिसा, देवाच्या तसबिरीला झाकणासकट खिसा. दाराला कडी नाही, चेन. ती चेन दुसऱ्याच दिवशी अडकली आणि मी आत, चहा बाहेर. ह्यांनी बाहेरून मेणबत्ती घासून चेन सोडवली आणि वर मला सांगितलं, "चेनीला जबरदस्ती करायची नसती." जणू मी चेनीशी भांडत होते.

मालक गेले आणि शनिवारपर्यंतचे सहा दिवस आमच्या अंगावर आले.

सोमवारी सकाळी पलीकडच्या वाडीतली एक मावशी दूध घेऊन आली. वय साठीच्या पुढं, काष्टा घातलेली, हातात वल्हं. एकटीच होडी मारत आली होती. धरण झालं तेव्हा तिच्या माहेरची घरं पाण्याखाली गेली आणि माणसं वर डोंगरात सरकली, असं तिनं दूध मापता मापता सांगितलं, जसं आपण भाजीचा भाव सांगतो तसं. मी तिला तिथंच सगळं खरं सांगून टाकलं. ती एवढी हसली की मापातलं दूध सांडलं.

"आटपाडीची माणसं आन पोहणार!" ती म्हणाली. "पदर खोच. आत्ताच शिकवते."

"आत्ता? भात टाकलाय मी."

"भात काय पळून जातोय?"

तिनं शेडमधला पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घेतला, झाकण घट्ट केलं आणि माझ्या पाठीला दोरीनं बांधला. काठाशी, कमरेइतक्या पाण्यात मला पालथं झोपवलं आणि हनुवटीखाली हात धरला. पहिल्या दिवशी मी पाणी प्याले. दुसऱ्या दिवशीही प्याले. मावशी वरून ओरडायची, "पाण्याशी झटू नगंस, अंग सोड! पापड लाटतीयास काय?" तिसऱ्या दिवशी काय झालं कोण जाणे, पाय आपोआप वर आले. मी हात मारले आणि मावशीचा हात हनुवटीखाली नव्हता. ती लांब उभी होती, कमरेवर हात ठेवून. मी चार हात गेले असेन. पण त्या चार हातांत मला जे वाटलं, ते लग्नातही वाटलं नव्हतं. काठावर आले आणि उगाचच रडले. मग भात करपल्याचा वास आला.

ह्यांचं शिक्षण वेगळ्याच पद्धतीनं चाललं होतं. हे गळ्यात टेप घालून पाण्यात उतरायचे. पाणी जिथवर लागलं तिथं टेप लावायचे आणि मला ओरडून सांगायचे. सोमवारी चौदा इंच. मंगळवारी सतरा. बुधवारी वीस, आणि वीस इंचांवर एक मासा ह्यांच्या पोटरीला लागला. हे तिथून असे पळत आले की चप्पल पाण्यातच राहिली.

"मासा व्हता ओ," मावशी म्हणाली. "बोटाएवढा."

"बोटाएवढा असला तरी त्यानं सांगून यावं," हे म्हणाले आणि तंबूत जाऊन बसले.

गुरुवारी दुपारभर बारा नंबरमधून मशीनचा आवाज येत होता. मी विचारलं तर म्हणाले, "तंबूचं काम." शुक्रवारी सकाळी हे बाहेर आले आणि मी पोळपाट खाली ठेवला. माणूस रातोरात दुप्पट झाला होता. छाती पुढं, पाठ मागं, हात अंगापासून लांब. ह्यांनी सदऱ्याची बटणं काढून दाखवलं. आत एक बंडी शिवली होती. बंडीला पुढून-मागून उभे खिसे, आणि प्रत्येक खिशात पाण्याची एकेक रिकामी बाटली, झाकण लावून, वरून टीप मारून बंद. मागच्या हंगामातल्या पाहुण्यांनी टाकलेल्या बाटल्यांचं एक पोतं शेडमागं होतं, त्यातल्या अठरा ह्यांनी वापरल्या होत्या.

"कोण वळखंल?" हे म्हणाले.

"चाला बघू जरा."

हे चालले. बंडी कटकट वाजली. खाली बसले तर एवढ्या मोठ्यानं वाजली की झाडावरचा बगळा उडाला.

"शिवण मातर बघ," हे म्हणाले. खोटं नाही बोलणार, शिवण फार सुरेख होती. दुहेरी टीप, कडेला पट्टी. जाता जाता ह्यांनी धक्क्यावरच्या रिंगलाही एक गवसणी शिवली, उन्हानं तिचा रंग जाऊ नये म्हणून. आणि गवसणी वाऱ्यानं उडू नये म्हणून ती खांबाला पक्के टाके घालून शिवून टाकली.

शनिवारी दुपारी मालक पाहुण्यांना घेऊन आले. सांगलीचे हळदीचे एक व्यापारी, त्यांची बायको आणि त्यांची म्हातारी आई. जैन कुटुंब. कांदा, लसूण, बटाटा काही नाही आणि जेवण दिवस मावळायच्या आत. मालकांनी जातानाच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी दुपारपासूनच चुलीशी होते. म्हातारीबाई ऐंशीच्या असतील. आल्या आल्या त्यांनी खुर्ची पाण्याकडं वळवून घेतली आणि आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

मालकांनीही ह्यांना बघितलं. "वा! इथली हवा मानवली तुम्हाला. आठवड्यात अंग धरलंत की!"

"जेवण चांगलं असतंय," हे म्हणाले आणि वाकून नमस्कार केला. बंडी कटकटली.

"सांधे फार वाजतायत," म्हातारीबाई म्हणाल्या. "मोहरीच्या तेलानं चोळत जा."

चहा झाल्यावर मालकांनी सगळ्यांना धक्क्यावर नेलं, शिट्टी फिरवली आणि भाषणच सुरू केलं. इथं सुरक्षिततेला पहिला मान, आमचे दोघंही कर्मचारी पट्टीचे पोहणारे, वगैरे. मग ह्यांच्याकडं हात केला. "हं, दाखवा!"

हे धक्क्याच्या टोकाला गेले. मी मागून सदरा ओढला. "नगा," मी पुटपुटले. "पाय घसरला म्हणून सांगा." पण व्यापाऱ्यांनी मोबाइल वर धरला होता आणि फोटो निघतोय म्हटल्यावर आमचे हे मागं सरणारे नव्हेत. ह्यांनी डोळे मिटले, नाक दाबलं आणि पाऊल पुढं टाकलं. उडी वगैरे नाही. जिना उतरतात तसं.

आणि हे बुडलेच नाहीत. नुसते डुचमळले आणि वर आले. पण बंडी अंगापेक्षा हलकी, ती हातभर वर सरकली. खांदे कानाशी गेले, सदऱ्याची वरची दोन बटणं उडाली आणि ह्यांचं तोंड गळपट्टीत हनुवटीपर्यंत रुतलं. हात दोन्ही बाजूंना आडवे. खाली आणता येईनात. तशा अवस्थेत हे पाण्यात उभेच्या उभे, हळूहळू गोल फिरायला लागले.

मालकांनी टाळ्या वाजवल्या. "बघा! हात-पायसुद्धा हलवत नाहीत!"

"प्राणायाम आहे काय हो?" व्यापाऱ्यांच्या बायकोनं विचारलं.

तेवढ्यात डोंगरावरून वारा सुटला आणि आमचे हे काठापासून लांब जायला लागले. दहा फूट गेले. वीस फूट गेले. प्रत्येक फेरीत तोंड आमच्याकडं झालं की हे काहीतरी बोलायचे. पहिल्या फेरीला म्हणाले, "बरं हाय!" दुसऱ्या फेरीला म्हणाले, "मी जरा पलीकडं जाऊन येतो!" तिसऱ्या फेरीला नुसतं माझ्याकडं बघितलं. तीस वर्षांच्या संसारात ती नजर मी दोनदाच बघितली होती, दोन्ही वेळा दवाखान्यात.

"मालक, रिंग टाका!" मी ओरडले.

मालकांनी रिंगला हात घातला. रिंग गवसणीत, गवसणी खांबाला शिवलेली. ओढली, हिसकली, दातानं टाका तोडायला गेले. ह्यांचा टाका तो. दात दुखला, टाका तसाच. कॅम्पची होडी डांबर मारायला काठावर पालथी घातलेली. मालक सैरभैर झाले आणि जोरजोरात शिट्टी वाजवायला लागले.

"शिट्टी काय वाजवताय, उडी मारा की!"

मालक पांढरेफटक. "वहिनी, मला पोहता येत नाही."

"आँ?"

"मला येत नाही म्हणून तर तुम्हाला दोनदा विचारून ठेवून घेतलं!"

मग मी पदर खोचला. आजूबाजूला कॅन दिसेना, आणि खांबावरची केशरी जॅकेटं त्या घाईत कोणाच्याच ध्यानात आली नाहीत. पाठीला कॅन नसताना मी एकदाही पाण्यात उतरले नव्हते, ही गोष्ट मला पाण्यात पडल्यावर आठवली. थंडीनं श्वास अडकला. नाकात पाणी गेलं. मग मावशीचा आवाज कानात आला, पापड लाटतीयास काय, आणि मी अंग सोडलं. हात मारले. कसे मारले ते विचारू नका, बघणाऱ्याला ते पोहणं वाटलं नसेल. पण मी गेले. ह्यांच्यापर्यंत पोचले आणि ह्यांच्या पाठीवरची बंडी दोन्ही हातांनी धरली.

"आलीस?" हे म्हणाले. तोंड पलीकडं होतं, मला फक्त ह्यांचे कान दिसत होते.

"आले."

"तुला येतंय की गं!"

"तुमीच सांगितलं व्हतं मालकास्नी."

बंडीनं आम्हा दोघांनाही धरलं. अठरा बाटल्या आणि आमच्या ह्यांची दुहेरी टीप. पण आता आम्ही दोघं मिळून लांब चाललो होतो. काठावर मालक लहान लहान होत गेले. मग हे म्हणाले, "चुलीवर काय ठेवलंयस?"

"मुगाची आमटी."

"खाली उतरवलीस का?"

मी ह्यांच्या पाठीत एक गुद्दा घातला. बंडी कटकटली.

मालकांची शिट्टी शेवटी कामी आली. पलीकडच्या वाडीत मावशीनं ती ऐकली आणि होडी घेऊन निघाली. जवळ येऊन तिनं आम्हाला बघितलं, वल्हं आडवं ठेवलं आणि आधी पोटभर हसून घेतलं. मग मला हाताला धरून वर ओढलं. ह्यांना ओढता येईना, बंडी होडीच्या काठाला अडकायची. तेव्हा तिनं ह्यांच्या बंडीत दोरी ओवली आणि मागं बांधून तसंच ओढत नेलं. आमचे हे धक्क्याला लागले ते असे, उताणे, डोकं पुढं, चेहरा एकदम शांत.

व्यापाऱ्यांनी सगळं मोबाइलमध्ये घेतलं होतं. म्हातारीबाई खुर्चीतून उठून पुढं आल्या. ह्यांचा सदरा बाजूला करून त्यांनी बंडी चाचपली, एक बाटली दाबून बघितली, टीप निरखली.

"हे तू शिवलंस?"

"व्हय, आजी."

"मला एक शिवून दे. ते केशरी मला नको, त्यात मान हलत नाही. ऐंशी वर्षं कृष्णेकाठी काढली, पण पाण्यात घोट्याच्या वर कोणी जाऊ दिलं नाही मला."

ह्यांनी भिजल्या अंगानं तिथंच टेप काढली आणि त्यांचं माप घ्यायला लागले. मी आमटीकडं पळाले. आमटी खाली लागली होती, पण सूर्य अजून डोंगरावर होता. वरची वरची काढून वाढली. व्यापाऱ्यांनी दोनदा घेतली.

मालक शेडमध्ये येऊन पाटावर बसले. मला वाटलं, आता सामान बांधायला सांगणार. आम्ही दोघंही खाली मान घालून उभे. मालकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "खरं सांगू का, मलाही सगळ्यांना सांगावं लागतं की मला येतं म्हणून. कॅम्प पाण्याकाठी काढलाय." मग हळूच विचारलं, "ती मावशी पुरुषांना शिकवते का हो?"

"शिकवती," मी म्हणाले. "पण भात करपतो."

रविवारी सकाळी मालक तेलाचा कॅन पाठीला बांधून पाण्यात पालथे पडले होते आणि मावशी त्यांना पापडावरून बोलत होती. जरा पलीकडं म्हातारीबाई नवी बंडी घालून, सुनेचा हात धरून, कमरेइतक्या पाण्यात तरंगत होत्या. फुलांच्या कापडाची बंडी शिवली होती ह्यांनी, मला दिवाळीसाठी आणलेल्या खणाची. मला विचारलंही नव्हतं. पण त्या बाईंचा चेहरा बघितला आणि मी गप्प बसले. हे पाण्याकडं पाठ करून रिंगचे टाके उसवत होते. दुपारपर्यंत उसवत होते.

पाहुणे गेल्यावर संध्याकाळी टेकाडावर चढून पुण्याला दिलेल्या लेकीला फोन लावला. खाली कॅम्पवर रेंज नसते. तिनं काळजीनं विचारलं, नीट लागला का जीव तिथं, जेवण कसं, थंडी कशी. मी सांगत होते तेवढ्यात ह्यांनी फोन ओढून घेतला.

"सगळं झ्याक हाय," हे म्हणाले. "मालक चांगला हाय, हवा चांगली हाय. फकस्त पाणी जरा जास्त हाय."